बोट न लावता

"दूर राह्य. तिथूनच हात दाखव."

लस टोचायला आलेल्या सायबानं हे माझ्या मायला म्हटलं. सगळ्या गावासमोर, शाळेच्या ओसरीवर. मायच्या कडेवर माझी धाकटी बहीण शेवंता होती, चार वर्षांची.

गिरडजवळचं आमचं गाव. आदल्याच वर्षी आमचा सारा मोहल्ला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. रांगेत मात्र आम्ही शेवटीच होतो.

क्षयाची लस होती. दोन खेपांचं काम. पहिल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला बारीक सुई. तीन दिवसांनी तिथं गाठ आली का ते पाहायचं. गाठ नसेल तर दंडावर लस. असेल तर लस द्यायची नाही, कारण आजाराचं बी अंगात आधीच शिरलेलं असतं. त्याला दवाखान्यात पाठवायचं. हे सायबानंच पहिल्या दिवशी ओरडून सांगितलं होतं. मी चौथीत होते. शब्दन् शब्द ऐकला. आमचा बाप हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगात काम करता करता खोकून खोकून मेला होता.

दुसऱ्या खेपेच्या सकाळी शाळेच्या वाटेवर मी आणि माझी मैत्रीण गोदीनं एकमेकींचे हात चाचपले होते. माझा साफ होता. गोदीच्या हातावर टणक गाठ होती. शेवंताच्याही, हरभऱ्याएवढी.

रांगेच्या शेवटी उभं राहिलं की सगळं दिसतं. गावातल्या पोरांच्या हातावरून तो डोळे मिटून बोट फिरवायचा. मग छोटी पट्टी लावून मोजायचा. दोघांना त्यानं लस न देता चिठ्ठी देऊन परत पाठवलं.

आमची पाळी आली आणि त्याचं बोट खिशात गेलं. हातभर दुरून नुसतं पाहायचा. आमच्या काळ्या कातडीवर लाली दिसते थोडीच?

"नाही. नाही. नाही."

शेजारचा कारकून लिहीत गेला. टोचताना दंडाची कातडीसुद्धा ज्याच्या त्याच्या मायनं ताणून धरायची. गोदीला टोचलं. मग शेवंता.

"नाही," म्हणत त्यानं सुई उचलली.

"गाठ हाये, सायेब," माय हळूच म्हणाली. "बोट लावून पाहा ना."

"धर्म बदलला म्हणून डॉक्टरकी बी शिकली काय तू? घरी जाऊन आंघोळ कराले लावतं काय मले?"

ओसरी हसली. आमचे मास्तरही हसले. मायनं मान खाली घातली आणि शेवंताचा दंड पुढं केला. मला त्याच्यापेक्षा मायचा राग आला. खरं सांगते.

मी शेवंताला तिच्या कडेवरून ओढून घेतलं.

"बोट लाव. नाई तं सुई नाई."

त्याला मी 'तुमी' म्हटलं नाही. मास्तर छडी घेऊन उठले. मी पळाले नाही. बहिणीला घेऊन चालत घरी गेले. थोड्या वेळानं माय मागून आली.

दुसऱ्या दिवशी तिनं मजुरी बुडवली. आम्ही हिंगणघाटच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या नर्सबाईनं शेवंताच्या हातावरून बोट फिरवलं. "बरं झालं टोचलं नाही," म्हणाली. पुढं वर्ध्याला छातीचा फोटो काढला, डाग निघाला. शेवंतानं वर्षभर सुया सोसल्या, गोळ्या खाल्ल्या. ती जगली.

गोदीच्या दंडावर तिसऱ्याच दिवशी फोड आला. पिकला, कित्येक महिने वाहत राहिला. लस आहे, असंच होतं, असं सगळे म्हणाले. कागदावर तिच्या नावापुढं 'नाही' होतं, म्हणून तिची छाती कुणी तपासली नाही. ती खोकू लागली तेव्हा उशीर झाला होता. पुढचा पोळा तिनं पाहिला नाही.

लोक मला म्हणतात, लहानपणापासूनच धीट होतीस. मला लाज वाटते. गोदीची गाठ माझ्या बोटाला कळली होती. ती माझ्यासमोर टोचून घेत होती आणि मी गप्प उभी होते. मी फक्त माझ्या घरचा हात ओढला.

आता टोचणारे गावात आले की मी ओसरीवर जाऊन उभी राहते. कुणी दुरून 'नाही' म्हटलं की मी मधे जाते. बोट लावल्याशिवाय आमच्या एकाही लेकराला सुई टेकू देणार नाही. ते लेकरू माझ्या घरचं असो की नसो.