स्टिअरिंगवरची पूजा

आमची मालकीण, म्हणजे माझी बायको, एका जागी स्वस्थ बसलेली मी कधी बघितली नाही. भाकरी तव्यावर टाकून दारापर्यंत जाऊन यायची. मी ड्रायव्हरकीतून सुटलो, तेव्हा हिनंच जुनी मिनीबस घ्यायला लावली. सीटा काढल्या, बाज टाकली, गॅस बसवला. म्हणायची, "घराला चाकं असली की जीव रमतो." लोक हसायचे. हसू द्या.

दसऱ्याला गाडीची पूजा तीच करायची, हात आखडता न घेता. नारळाचं पाणी अन् हळदीकुंकू थेट स्टिअरिंगवर. मी म्हणायचो, आत वायरी हायत. तर म्हणे, "देवाच्या पाण्यानं काय हुत न्हाई."

मागल्या भाऊबीजेला घाटनांदूरला निघालो. तिचा एकुलता भाऊ लकव्यानं पडलेला. दिवस मावळायच्या आत त्याला ओवाळायचं, एवढंच तिच्या डोक्यात. माजलगाव सोडलं आणि गाडी डावीकडं वळली की हॉर्न आपोआप बोंबलायला लागला. स्टिअरिंगवरच्या बटणाला हात न लावता गाण्याचा आवाजही वाढायचा. उसाचे ट्रॅक्टरवाले शिव्या देत गेले.

हॉर्नचा फ्यूज काढला. गप्प झाला.

"झालं की! चला आता."

"हॉर्नाशिवाय? पुढं वळणं हायत बाई."

"मी खिडकीतून वरडते. चला तुमी!"

मी ऐकलं नाही. बॅटरीची वायर सोडली, स्टिअरिंगचं मधलं झाकण काढलं. ही गाडीतून खाली-वर करतेय, उन्हाकडं बघतेय. झाकणाखाली हळदीकुंकवाचा लगदा वाळून बटणांना चिकटलेला. दुसरी असती तर वरमली असती. ही म्हणाली, "बघा, माझी पूजा किती आतवर पोचली!" आणि तिच्या साखरेच्या आजाराची सुई टोचायला ठेवलेलं स्पिरिट काढून कापसानं स्वतःच पुसत बसली. वायर जोडली, फ्यूज लावला, स्टिअरिंग पार डावीकडं फिरवलं. गप्प. बटण दाबलं तेव्हाच वाजला.

दिवेलागणीला पोचलो. भावाला उशा लावून पाटावर बसवलेलं.

"लई उशीर केलास गं आक्का."

"गाडीचं तोंड धूत हुते," म्हणाली आणि ओवाळताना हसता हसता रडली.

उन्हाळ्यात ती गेली. साखरेनं खाल्ली. आता मला घरात बसवत नाही. गाडी काढतो, चार गावं हिंडतो, परत येतो. या भाऊबीजेलाही घाटनांदूरला गेलो. बघतो तर मेव्हणा उशा लावून पाटावर.

"आता कशाला बसलास रं?" मी म्हणालो.

"बसू द्या दाजी," तो म्हणाला. "जरा वेळ बसू द्या."