सोजरबाईंची सावड

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या दत्ताच्या मंडपात मिलोची वीस पोती येऊन पडली. मिलो म्हणजे दुष्काळात बाहेरून आलेली तांबडी ज्वारी. होटगीच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांना एक मंडळ भाकरी करून घालायचं. त्यांचं धान्य निवडून द्यायचं आम्ही बायकांनी अंगावर घेतलं. ट्रक दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी यायचा होता.

सोमवारी चौदा जणी आल्या. देवाचं काम आहे म्हणून मीच घरोघर सांगून आले होते. बुधवारी पाच उरलो. दोष तरी कुणाला द्यायचा? दिवसभर सुपात तोंड घालून खडे वेचायचे, मान अवघडते, डोळ्यांना पाणी येतं आणि पोतं काही खाली होत नाही.

त्या पाचांत सोजरबाई होत्या. साठीच्या, काटक, हातभर गोंदण. गावची विहीर आटली तशा शेळ्या विकून गिरणीच्या चाळीत लेकाकडे राहायला आलेल्या. त्यांची मुलगी चिमा मात्र तान्ह्या पोरीला घेऊन त्याच खडीवर होती. गेल्या खेपेला धान्य न निवडताच गेलं होतं, आणि ती भाकरी खाऊन चिमा तीन दिवस आजारी पडली होती. म्हणून सोजरबाई सगळ्यांच्या आधी यायच्या आणि सगळ्यांच्या मागून उठायच्या.

मंडपाचं सगळं चनबसप्पा बघायचे. गिरणीत कामगारांवर देखरेख करणारे जुने जॉबर; माणसं मोजायची सवय सुटली नव्हती. म्हणाले, "पाच बायका, वीस पोती. होत नाही बघा वहिनी. राहतील ती आहेत तशी जातील."

सोजरबाईंनी सूप खाली ठेवलं. "बाकीच्या का येईनात?"

"घरची कामं असतात त्यांना," मी म्हणाले.

"मग ती आपुन करू की. आमच्या गावात सावड करत्यात. आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. सकाळी त्येंनी हितं यावं, दुपारून आपुन समद्यांनी त्येंच्या घरला जावं."

"मग ही सेवा म्हणायची का मजुरी?" चनबसप्पा हसले.

मलाही ते खटकलं. सेवेची परतफेड घेऊ नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी तसं बोलून दाखवलं.

"देवाला चालंल का न्हाई ते तुमी इचारा, वहिनी," सोजरबाई म्हणाल्या. "त्यो सांगंस्तवर मी नरसव्वाकडं जाऊन येते."

नरसव्वा समोरच्या बोळातली, घरी विड्या वळणारी तेलुगू बाई. रोजच्या हजार विड्या झाल्याशिवाय तिला उठता यायचं नाही. गुरुवारी सकाळी ती निवडायला आली आणि दुपारी आम्ही सगळ्या तिच्या ओसरीवर बसलो. मी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. माझी शेवईसारखी बारीक पहिली विडी बघून नरसव्वा म्हणाली, "वहिनी, ही ओढायची का खीर करायची?" तिकडे सोजरबाईंना शिंका आवरेनात. "आज्जी, तोंड तिकडं कर, माझा तंबाखू उडतोय." शेवटी आम्ही पानं कातरली, दोरे बांधले आणि वळायचं तिच्यावरच सोडलं. दिवेलागणीच्या आत हजार भरल्या.

मग गल्लीतल्या बजाबाईचे पापड झाले, कुणाच्या गोधड्या झाल्या, कुणासाठी नळावर हंडे घेऊन उभ्या राहिलो. मंडपात पुन्हा बारा जणी झाल्या. खडे तेच, सूपही तेच, पण आता हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. नरसव्वा मला विचारायची, "वहिनी, सुपात खडे शोधताय का देव?" मी म्हणायचे, जे आधी सापडेल ते. सकाळी मंडपात यायची मला घाई असायची, हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी ट्रक आला तेव्हा अठरा पोती झाली होती. दोन राहिली.

"तशीच चढवा," चनबसप्पा म्हणाले.

"चढवा," सोजरबाई म्हणाल्या, "आन् माझं सूपबी चढवा. समद्यांच्या घरची कामं झाली, आज माझी पाळी. माझं काम तितं हाय, खडीवर."

त्यांच्या हातचं काम प्रत्येकीच्या घरी पोचलेलं होतं, नाही कोण म्हणणार? नरसव्वानं पहिल्यांदा ट्रकच्या चाकावर पाय ठेवला. मीही देवाचं नाव घेऊन चढले. "बारा नेतोस, बारा परत आण," चनबसप्पांनी ड्रायव्हरला बजावलं.

खडीवर बाभळीखाली आम्ही पोती सोडली आणि निवडायला बसलो. जेवणाच्या सुट्टीत चिमा आली, केसांत धूळ, कडेवर पोरगी.

"आये, ह्या कोण गं समद्या?"

"सावडीच्या हायेत माझ्या."

चिमानं पोरगी आईच्या मांडीवर दिली आणि माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं. तिच्या मागून आणखी दहाबारा बायका येऊन बसल्या. सुट्टी संपायच्या आत दोन्ही पोती निवडून मंडळाच्या स्वयंपाकघरात गेली.

नरसव्वा हात झटकत उठली. "ह्यांनी आपलं काम केलं. आता पाळी ह्यांची."

बारा जणी मुकादमाकडे हातोडे मागत होत्या. माझा पहिला घाव दगडाच्या बाजूला पडला.

"वहिनी," चिमा म्हणाली, "खडी फोडा, जमीन न्हाय."