भातकऱ्याच्या हातचा देवदार

आमच्या कान्हे गावचा हौशीराम निवांत बसलेला मी कधी पाहिला नाही. शाळेत गुरुजी म्हणायचे, आधी याला कुणीतरी बसवा, मग मी शिकवतो. आता पासष्टी उलटली, तरी सकाळी भातखाचरात, दुपारी लोणावळ्याला अरुंधतीबाईंच्या बंगल्यावर माळीकाम.

गेल्या आषाढात तर त्याने कहर केला. अरुंधतीबाईंची तरुणपणीची वर्षं हिमाचलात गेली. आता गुडघे चालत नाहीत, म्हणून त्यांनी तिकडून देवदाराची तीन रोपं आणवली. दोन मेली. तिसरं त्यांच्या खिडकीसमोर, कमरेएवढं. बाई म्हणाल्या, "हौशीराम, हेही गेलं तर पुन्हा नको. मरताना बघवत नाही मला."

आणि त्याची सुईसारखी पानं पिवळी पडू लागली!

हौशीरामाने बुंध्याभोवतीचा मातीचा बांध वाढवला, वरून पानांचं इरलं घातलं. तरी सुया गळतच होत्या. दिवसातून दोनदा लोकल पकडून झाडाकडे. ताटावरूनसुद्धा उठायचा. त्याची बायको शालूबाई माझ्यादेखत म्हणाली, "माजी कंबर धरली तवा डागदरकडं येक खेप न्हाई झाली. जावा, त्या झाडालाच भाकरी भरवा!"

"तू बोलून दावतीस तरी. ते कुटं बोलतंय?" म्हणत हा निघालासुद्धा. मीही छत्री घेऊन मागोमाग.

बंगल्यावर बाईंची नात कौमुदी आली होती. पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकते. इरलं पाहून पोरगी हसत सुटली. "आबा, याला इरलं कशाला? फांद्या बघा, कशा खाली उतरत्या आहेत. बर्फ पडला की घसरून जातो. ज्यांच्या फांद्या बर्फाने मोडल्या त्यांचा वंश खुंटला, ज्यांच्या टिकल्या त्यांचा वाढला. लाखो वर्षं हेच चाललं, तेव्हा हा आकार आला. पानंही तशीच. थंडीत तिकडे जमीन गोठते, मुळांना पाणी मिळत नाही, म्हणून पानाची सुई झाली, वर मेणाचा थर. कमी पाण्यात भागवायला."

"आन् ऱ्हातं कुटं ह्ये?"

"उतारावर. पाणी थांबतच नाही तिथे."

हौशीरामाने बांधाच्या आत साचलेल्या पाण्याकडे पाहिलं. मग कुदळ उचलून बांधावर घातली. डबक्याचं पाणी भसाभस निघालं, कुजका वास सुटला. "आरं, मी याला भातावानी पानी कोंडून पोसलं! बाकीची दोन बी मीच मारली रं."

सगळा जन्म खाचरात पाणी अडवण्यात गेलेला. दुसरं सुचणार कसं?

मागच्या मुरमाड उतारावर हलवलं तर जगेल, असं कौमुदीचं मत पडलं. पण तिथे ते खिडकीतून दिसणार नव्हतं. हौशीराम हातात कुदळ घेऊन बाईंच्या दारात या पायावरून त्या पायावर. मुळातच हलणारा माणूस, त्यात हे विचारायचं.

बाईंनी क्षणभर बाहेर पाहिलं. "मला दिसावं म्हणून का त्याला बुडवायचं? हलवा. आणि माझी खुर्ची मागच्या ओटीवर ठेवा."

भर पावसात आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी ते मातीच्या गड्ड्यासकट हलवलं. माझी पाठ आठ दिवस बोलत होती, पण मजा आली!

दसऱ्याला शेंड्याला फिकट हिरवा कोंब दिसला. बाई खुर्चीतून बघत होत्या. मी म्हटलं, "हौशा, आता तरी टेक."

"टेकतो की," तो झाडाभोवती फिरत म्हणाला, "पर चैताच्या उन्हाचं काय करायचं, त्ये सांग आदी."