पाणी कुठवर आलं होतं?

तो प्रकार आठवला की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले; पण चारचौघांत मान असलेल्या माणसांची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

तेव्हा मी धुळ्यात पोलीस निरीक्षक होतो. पांझरेला भर दुपारी पूर आला आणि देवपुरातल्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या घरात, अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी बुडून मेली. मुलगा शिक्षक, तो शाळेत होता. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा केला. मुलाने पूररेषेचा नवा नकाशा माझ्यापुढे धरला.

"साहेब, हा बघूनच घर घेतलं. घर रेषेच्या बाहेर आहे."

खरंच बाहेर होतं. नैसर्गिक आपत्ती म्हणून प्रकरण मिटलंही असतं, पण ठाण्यात एक फोन आला. नाव न सांगता माणूस अहिराणीत म्हणाला, "साहेब, नकाशा खोटा शे. मागला पूरलेबी पानी तठलगून येल व्हतं. गल्लीले बठ्ठं माहीत शे." मागच्या पुरातही पाणी त्या घरापर्यंत आलं होतं आणि साऱ्या गल्लीला ते ठाऊक होतं, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

मी चौकशी लावली. नकाशा सुधारताना सर्वेक्षणाची माणसं घरोघर फिरली होती. मागच्या पुरात पाणी कुठवर आलं ते रहिवाशांनी दाखवायचं आणि त्यावरून रेषा आखायची. पद्धत चांगलीच होती. या गल्लीने नदीकाठची भिंत दाखवली आणि रेषा भिंतीवर आली.

घरमालकांना एकेक करून बोलावलं, जबाब घेतले. सगळ्यांचं एकच वाक्य, "पाणी भिंतीच्या वर आलं नाही." खरं बोलणाऱ्यांचे जबाब कधी तंतोतंत जुळत नाहीत. कुणाला पाणी गुडघाभर आठवतं, कुणाला कमरेएवढं. इथे शब्द इकडचा तिकडे नव्हता, म्हणजे बसून ठरवलेलं होतं. सगळ्यांत ठाम होते धान्याचे व्यापारी नाना. म्हातारीच्या मुलाला घर त्यांनीच विकलं होतं.

संतापून मी नानांच्या घरी गेलो. त्यांची थोरली बहीण, अक्का, ओट्यावर बसली होती. आम्हा खानदेशी घरांत श्रावणात रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर बोळवतात. मागचा पूर नेमका त्या सोमवारी आला होता. मी पुराचं नावच काढलं नाही.

"अक्का, त्या साली कानबाई कुठे बोळवली?"

"नदीवर जावाले वाट कोठे व्हती, भाऊ? पानी मारोतीना पायरीलगून येल व्हतं. तठेच बोळाई."

मारुतीचं देऊळ म्हातारीच्या घराच्याही वरच्या अंगाला, चढावर आहे. नाना आतून ओरडले, "अक्का, तू चूप ऱ्हाय!"

"काबर चूप ऱ्हाऊ? कानबाईना बारामा खोटं बोलू का?"

ठाण्यात आल्यावर नानांचा आवाज उतरला. "साहेब, घर रेषेमा गये की बांधकामनी परवानगी नही, गिऱ्हाईक नही. आम्ही कोनं वाईट चिंतेल नही."

मी टेबलावर हात आपटला. वाईट चिंतलं नाही म्हणे! हीच माणसं म्हातारीच्या तिरडीला खांदा द्यायला पुढे होती. सरकारी कामात जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा गुन्हा मी सगळ्यांवर नोंदवला. नवी मोजणी झाली, रेषा देवळाच्या पायरीपर्यंत सरकली. गल्ली माझ्यावर रुसली. रुसू दे!

या प्रकरणाने मला एक शिकवलं. चोराला निदान आपण चोरी केली हे माहीत असतं. या लोकांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपण फक्त आपलं घर सांभाळलं. अशा माणसांचा बंदोबस्त कोणत्या कलमात बसवायचा, ते मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

कागदांच्या प्रती न्यायला मुलगा आला, तेव्हा मी सहज विचारलं, वरचा मजला रिकामा असताना खालचंच घर का घेतलं? तो खाली बघत म्हणाला, "मी वरचंच घेणार होतो, साहेब. नानाच म्हणाले, आईला जिना चढवणार नाही, तिच्यासाठी खालचं घे."