शुद्ध बोलजो

धुळ्याच्या स्टँडवर मुंबईची बस लागली होती. आईनं माझ्या हातात चटणीचा डबा कोंबला आणि आमच्या अहिराणीत दटावलं, "तठे शुद्ध बोलजो. लोके हासतीन." तिकडे शुद्ध बोल, लोक हसतील. सातवीत शाळा सुटलेली मी, पण तिचं ऐकलं.

अमेरिकेत, आयसेलिनला नणंदेनं आसरा दिला, काम मिळवून दिलं. तिचे उपकार विसरायची नाही. तिच्या मैत्रिणींत मी अहिराणी गिळून पुस्तकातली मराठी शिकले. आईशी फोनसुद्धा त्यांच्यासमोरच, स्पीकरवर. "आई, तू जेवलीस का?" हळूहळू आईच बदलली. "हो, जेवले. तुम्ही बऱ्या आहात ना?" पोटच्या पोरीला तुम्ही! तलाठ्याशी बोलावं तसं. मला वाटलं, आई सुधारली. खरंच तसं वाटलं, काय सांगू.

मी एल्झा आजींना सांभाळते. नव्वदीच्या आहेत, मूळच्या उत्तर जर्मनीतल्या खेड्यातल्या. त्यांचा मुलगा पीटर भला माणूस, मला घरच्यासारखं वागवतो. तो सांगतो, त्यांची बोली एके काळी बंदराबंदरांवर व्यापारात चालायची. मग बायबलातून, कचेऱ्यांच्या कागदांतून दुसरीच जर्मन आली, शाळेत बसली आणि घरची बोली गावंढळ ठरली. त्या बोलीपायी आजींनी छड्या खाल्ल्या, म्हणून मुलाला फक्त शाळेतली जर्मन दिली. आता स्ट्रोकनंतर तीही गेली, इंग्लिशही गेलं. उरली ती बोली. परवा त्याचा हात धरून आजी कितीतरी वेळ काही सांगत होत्या, डोळे भरलेले. तो नुसता मान हलवत राहिला. मग किचनमध्ये येऊन मला विचारतो, "तुला काही समजलं?" मला!

माझी आई सत्तरीची आहे.

रविवारी नणंदेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर फोन लावला. "माय, काय करी ऱ्हायनी?" जीभ अडखळली. कुणीतरी फिसकन हसलं. पलीकडून हळूच, "कोन? तू शे का?" कोण, तूच आहेस का?

"हां माय, मीच शे."

मग ती थांबेचना. गुडघा, शेजारीण, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. निम्मे शब्द मला आठवेनात, तरी मध्ये तोडलं नाही.

इथेच वाढलेली माझी लेक आयपॅड ठेवून जवळ आली. "मम्मी, व्हॉट इज आजी सेइंग?"

तिला मांडीवर घेतलं, फोन तिच्या कानाला लावला. माझं घर आता त्या आवाजाएवढंच उरलंय. पोरीला त्यातलं काय ऐकू येतं, कुणास ठाऊक.