खैरूनआपांचा संशय

लताचा फोन आला. "भाऊ, आपा गेल्या..." एवढंच बोलली. रत्नागिरीजवळच्या गावी, भावाच्या घरी, झोपेतच. त्याला सहा आठवडे झाले. लिहावं की नाही ते ठरत नव्हतं. शेवटी नावं बदलून लिहितो आहे.

मस्कतच्या अल् घुब्रा भागात खैरूनआपा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या, डबे करून द्यायच्या. मी तालुक्याच्या गावातून बीएस्सी झालेला, घरातला पहिला पदवीधर. काँक्रीट तपासणीच्या लॅबमधली नोकरी, भाड्याचा फ्लॅट... ज्या देशाने हे दिलं त्याच्याबद्दल वाईट ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. आपांबद्दल मात्र मला शंका होती. एकट्या बाई, पण दिवसातून तीनदा कचरा टाकायला निघायच्या. तोही खालची पेटी सोडून, तीन गल्ल्या पलीकडे, बंगल्यांपाशी. तिथे कचरा टाकायला आलेल्या कामवाल्यांशी दोन शब्द बोलायच्या. मग त्यांच्या घरात एखादी नवी बाई दिसायची, सामानाशिवाय. काही दिवसांनी तीही दिसेनाशी व्हायची. कामवाल्यांना फूस लावून पळवणारे आणि दुसऱ्या घरी विकणारे दलाल असतात, हे मी ऐकून होतो. अशीच एक दिवस लता त्यांच्याकडे आली तेव्हा मी वॉचमनला सांगितलं.

वॉचमनने इमारतीच्या मालकाला सांगितलं. मालक पोलिसांना आणणार, हे दुपारपर्यंत जिन्यात सगळ्यांना कळलं. आपांनी माझी बेल वाजवली. मागे लता, एक मनगट सुजलेलं.

"भाऊ, हिला तुमच्याकडं ठेवायची."

"माझ्याकडे कशाला?"

"तुमीच सांगायला गेलेले ना? मग तुमच्या घरात कोण शोधील?" आणि हात पुढे केला. "फोन द्या. वहिनी, तुमचापण."

दोन दिवस आपा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून होत्या, दोन्ही फोन मांडीवर. मी आजारी असल्याचा फोन लॅबला केला तोही त्यांच्यासमोर. "खोकताव कशाला? ताप सांगितलात ना," म्हणाल्या. माझी बायको सुनीता हसली, लतासुद्धा. समोर पोलीस येऊन आपांचं रिकामं घर बघून गेले.

त्या दोन दिवसांत कळलं ते असं. मस्कतपासून लांब, सहम गावातल्या एका घरात आपा पाच वर्षं कामाला होत्या. पगार नाही, पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या कपाटात, दाराला बाहेरून कुलूप. एकटीने बाहेर पडायचं ते फक्त कचरा टाकायला. एके सकाळी पिशवी पेटीत न टाकता त्या तशाच हातात घेऊन हायवेपर्यंत चालत राहिल्या. "हातात कचरा असला की बाईला कोणी विचारत नाय, खंय चाललीस म्हणून." भाजीच्या ट्रकवाल्याने मस्कतपर्यंत आणलं. घरात कोंडलेली बाई कुठे भेटते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

तिसऱ्या सकाळी त्या लताला घेऊन दूतावासात गेल्या. कागद व्हायला महिना गेला, पण लता घरी पोचली. त्या दिवशी मी विचारलं, "आपा, आता तरी माझ्यावर विश्वास बसला?"

"नाय," आपा म्हणाल्या. "पण आतली खोली बरी हाय तुमची."

पुढची चार वर्षं, आपा गावी परतेपर्यंत, त्या खोलीत आम्ही आमचं काही ठेवलं नाही. आता घर बदललं आहे. इथेही आत एक खोली आहे. सुनीता रोज झाडते, गादीवर धुतलेली चादर घालते. ती आज रिकामी आहे की नाही, हे मात्र लिहीत नाही... आपांनी लिहू दिलं नसतं.