चव्वेचाळीस डबे

पाण्यातल्या कामाचं बोलायचं तर आमच्या कालव्यावर पहिलं नाव माझं निघतं. शर्यतीच्या लांब होडीत शंभर वल्हेकरी बसतात. त्यात नऊ वर्षं मी पुढून तिसऱ्या जागेवर होतो. शिवरामनचे दंड म्हटलं की पलीकडच्या गावातही लोक ओळखायचे. शाळा सातवीत सोडली, त्याचं मला काही वाटत नाही. केरळात, आमच्या कुट्टनाडात, पाणी कळलं की बास.

पण आज माझं सांगायचं नाही, सदनचं सांगायचंय. सदानंदन, माझा धाकटा भाऊ. त्याला एकदा मीच शर्यतीच्या होडीत बसवला होता. पहिल्याच दिवशी नव्याण्णव वल्ही पाण्यात आणि ह्याचं एकट्याचं वर. नायकानं त्याला धक्क्यावर उतरवला आणि मला म्हणाला, "शिवरामा, तुझा भाऊ कुठल्या लग्नातलं गाणं ऐकतोय?" सगळी होडी हसली. मीपण हसलो. ते हसणं मला नंतर फार महागात पडलं, पण ते पुढं.

मग सदन लागला सरकारी बोटीवर, दोर टाकायच्या कामाला. बोट धक्क्याला आली की दोर फेकायचा, खुंट्यात अडकवायचा, माणसं उतरली की सोडायचा. बावीस वर्षं हेच. मी लोकांना सांगायचो, भाऊ बोटीवर आहे. काय करतो ते सांगायचो नाही.

मग ती साथ आली. सरकारी बोट बंद झाली. आमच्याकडे घरं बांधावर एका ओळीत, मागे भातशेत, पुढे कालवा. बोट नाही म्हणजे रस्ताच नाही. भाजीवाल्या हंसाचं दुकान ह्या तोंडाला, गिऱ्हाईक त्या तोंडाला. कुरियनच्या बेकरीत पाव वाळायला लागले. सदन दोन दिवस घरात बसला आणि तिसऱ्या दिवशी होडी काढून घराघरापुढं ओरडत फिरला, "कुणाची होडी रिकामी आहे? कोण येतो?" पंधरा होड्या जमल्या. कुणी कुणाकडनं पैसे घ्यायचे नाहीत, आणि प्रत्येकानं आपापल्याच कालव्यात फिरायचं. तोंडाशी खांब आहे, तिथं टोपली टांगायची. पुढच्या कालव्याची होडी ती घेऊन जायची. माणसाला माणूस भेटायचा नाही, पण पाव मात्र पोचायचा.

ह्या सगळ्यात अवघड माल तंकम्मा चेच्चीचा, म्हणजे तंकम्माताईचा. नवरा गेल्यावर तिनं पडवीत दगडी ग्राइंडर बसवला आणि इडलीचं पीठ विकायला लागली. चव्वेचाळीस घरं. प्रत्येक घराचे दोन डबे, वर नाव रंगवलेलं. भरलेला डबा द्यायचा, तेव्हा धुतलेला रिकामा धक्क्यावर ठेवलेला असायचा. रिकामा डबा दिसला म्हणजे उद्या पीठ पाहिजे. नाही दिसला तर नको. कुणी तोंडानं काही बोलायचं नाही.

पीठ पहाटे वाटायचं आणि काठापासून दोन बोटं खाली भरायचं. ते घरी पोचून, रात्रभर फुगून, दुसऱ्या सकाळी इडली व्हायची. पण वाटेतच फुगलं तर आंबट होणार.

आणि विशूच्या, आमच्या नव्या वर्षाच्या, दुसऱ्या दिवशी तेच झालं. बंधाऱ्याची दारं उघडली होती, सरोवरातली सगळी जलपर्णी कालव्यात घुसली. सदनची होडी अडकत अडकत दुपारी पोचली. झाकणं वर आलेली, पीठ बाहेर. संध्याकाळी शेवटच्या घरातल्या मेरीक्कुट्टी टीचरनी फोन केला. "तंकम्मा, उद्या एकदा बघते. परत असंच आलं तर मग नको." टीचरनी अर्ध्या कालव्याला शिकवलंय. त्या नको म्हणाल्या की सगळे नको म्हणणार.

तंकम्मानं सदनला सांगितलं, "पाकिटातलं पीठ विकणारा आहे ना शहरातला, तो ग्राइंडर मागतोय. उद्या दुपारी येतोय. डबे परत नाही आले तर देऊन टाकते रे. उगीच तांदूळ का भिजवू?"

मी म्हटलं, "उद्या मी येतो. ह्याच्यानं व्हायचं नाही."

सकाळी साडेसहाला निघालो. मी पुढं वल्हं घेऊन, सदन मागं बांबू घेऊन, मधे डबे, वर ओलं पोतं. पहिली चौतीस घरं मोकळ्या पाण्यात होती, ती भराभर उरकली. पण रिकामा डबा एकाही धक्क्यावर नव्हता. लोक दारातनं बघत होते. राधामणीला मी विचारलं, "डबा कुठाय गं?"

"टीचरचं काय ठरतंय ते कळू दे, मग ठेवते."

मग वळणावर आलो आणि पुढं पाणीच दिसेना. सगळा कालवा हिरवा. शेवटची दहा घरं त्याच्या पलीकडं.

सदन मला चेट्टा म्हणतो, म्हणजे दादा. म्हणाला, "चेट्टा, कडेकडेनं जाऊ. घरांना लागून."

"कडेनं बायका जातात," मी म्हटलं. "शर्यतवाला मधनं जातो. तू बांबू धर फक्त."

आणि मी वल्हं मारलं. काय मारलं! वीस हात आत घुसवली होडी. मग तिसाव्या हातावर थांबली. जितकं वल्हं ओढावं तितकी जलपर्णी ओढली जाऊन होडीभोवती घट्ट बसायला लागली. मागं जावं तर मागंही मिटलेलं. ऊन वर आलं. पोत्याचं पाणी सुकलं.

  सदननं एका डब्यावर तळहात ठेवला. "गरम व्हायला लागलंय."

मग तो उभा राहिला आणि ओरडला. बोटीवर धक्क्यांची नावं ओरडायचा ना, तसंच. पण आता माणसांची. "लीलाम्मा! कुंजप्पन चेट्टा! आंबे काढायची आकडी आणा! लांबातली लांब!"

आमच्याकडं घराघरात ती असते. लांब बांबू, टोकाला आकडा. लीलाम्मा आकडी घेऊन धक्क्यावर आली. "आंबे कुठायत?"

"मीच आंबा," सदन म्हणाला. "ओढ मला."

पहिल्यांदा आकडा पुढच्या कडीला लागला नाही. दुसऱ्यांदा लागला. लीलाम्मानं कडेला ओढलं. कडेला जलपर्णी पातळ होती. सदनचं बरोबर होतं, हे मी आज लिहून देतो. मग तिनं आपल्या हद्दीपर्यंत ओढलं आणि पुढं कुंजप्पनची आकडी आली. ह्याच्या आकडीतनं त्याच्या आकडीत. माणूस बांबूच्या त्या टोकाला, आम्ही ह्या टोकाला. पोलीस असता तर त्यालाही काही बोलता आलं नसतं.

चार घरं सरली. पाचवं अच्चाम्माचं. तिचा मुलगा जोजी दुबईहून आलेला, अठ्ठावीस दिवस घरात बसायचं, त्यातला सव्विसावा. तो आकडी घेऊन धक्क्यावर येऊन उभाच होता.

मागनं कुंजप्पनची बायको किंचाळली, "त्यानं हात लावला तर आमचा डबा तुम्हालाच लखलाभ!"

पुढच्या घरातनंही तेच. जोजी तिथंच थांबला. तोंड एवढंसं झालं त्याचं. "चेट्टा, मला काही झालं नाहीये. दहा हात लांब बांबू आहे."

 खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटत होती. घरी म्हातारी सासू. पुढच्या घराची आकडी पोचत नव्हती. मधे साठ हात हिरवं आणि जोजीनं हात लावला तर पीठ पोचूनही कुणी घेणार नाही.

"जोजी, पोरा," सदन म्हणाला, "तू आकडी ठेव. मी पोतं काढतो, तू तिथनं झाकणं बघ. किती उचललीत सांग. इथनं उन्हानं माझे डोळे दिपतात."

आणि त्यानं होडीच्या तळातनं दोर काढला. बावीस वर्षं जो फेकला तोच. पलीकडं पुढच्या घराचा खुंटा, जेमतेम दिसणारा.

"तीन!" जोजी ओरडला. "तीन उचललीत!"

सदननं फेकला. दोर जलपर्णीवर पडला. त्यानं शांतपणे ओढून घेतला, वेटोळं केलं. घाई नाही, काही नाही. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता.

"चार, चेट्टा!"

दुसऱ्यांदा खुंट्याला लागून घसरला. मी म्हटलं, "मला दे." तो म्हणाला, "तू बस." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. आणि मी बसलो.

तिसऱ्यांदा त्यानं दोर असा सोडला, जसा कुणी पानात भात वाढतो. फास सरळ खुंट्यावर जाऊन बसला.

"आता तुझे दंड दाखव," सदन म्हणाला.

मग मी ओढलं. सगळ्या कालव्यानं बघितलं. तळहाताची साल निघाली, अजून खूण आहे. जोजी मागनं ओरडत होता, "पाचच! अजून पाचच!"

तिथनं पुढं परत ह्याच्या आकडीतनं त्याच्या आकडीत, आणि टीचरच्या धक्क्याला दहा वाजता लागलो. त्या छत्री घेऊन उभ्या. डबा उघडला. बोट बुडवून माप बघितलं.

"दोन बोटांचं एक झालंय."

मी म्हटलं, "टीचर, तुम्हाला माहीत नाही आम्ही कसे आलो. मी स्वतः..."

"शिवरामा, सातवीत नापास झालास तेव्हाही तुझ्याकडे मोठी गोष्ट होती."

 टीचरनी सदनकडं बघितलं, मग मागं कालव्याकडं, आकड्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडं.

"हे उद्यापर्यंत टिकणार नाही," त्या म्हणाल्या आणि डबा घेऊन आत गेल्या. दार लागलं.

आम्ही होडीत बसून राहिलो.  सदन दोराचं वेटोळं करत होता, झालेलं मोडून परत करत होता.

दार उघडलं. टीचर बाहेर आल्या, हातात धुतलेला रिकामा डबा. धक्क्यावर आपटून ठेवला. "आज दुपारीच इडल्या करते. उद्या मात्र आठच्या आत. आणि कडेनं या."

परतताना मी धक्के बघत होतो. लीलाम्मा, डबा. कुंजप्पन, डबा. त्याची बायको तोंड फिरवून उभी, पण डबा होता. राधामणीनं तर दोन्ही हातांनी वर धरून दाखवला. सहा घरांनी नाही ठेवला. त्यांची नावं मला पाठ आहेत, पण सदन म्हणतो सांगायची नाहीत.

तंकम्माच्या पडवीत शहरातला माणूस येऊन बसला होता. ग्राइंडरला त्यानं दोरी आवळून ठेवलेली. तंकम्मा होडीकडं बघत राहिली. डबे एकमेकांवर वाजत होते. मग ती आत गेली आणि तांदूळ धुतल्याचा आवाज यायला लागला.

तो माणूस उठला आणि दोरी सोडायला लागला. त्याला गाठ सुटेना.

"सरका," माझा भाऊ म्हणाला आणि एका झटक्यात सोडली.